वडिलांच्या नावावरची बारा बोअर दुनळी: ताबा, तपासणी, दुरुस्ती आणि निगा

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून आला आहे. वडील वारले. त्यांच्या नावावर पीक संरक्षणासाठी बारा बोअरची दुनळी बंदूक होती, ती सध्या पोलीस ठाण्यात जमा आहे. शेवटच्या काही वर्षांत उजवी नळी दोन-तीनदा चाप ओढल्याशिवाय उडत नव्हती, बंद केल्यावरही नळ्या किंचित हलायच्या, आणि नळीवर गंजाचे ठिपके आहेत. गावातला लोहार पिन (काडतुसाच्या बुडावर आपटून बार उडवणारी) घडवून देतो म्हणतो. एका ओळखीच्या माणसाचा सल्ला असा की सुटे भाग आणून वेगळी बंदूकच जोडून घ्यावी. रताळ्याच्या आणि भाताच्या शिवारात डुकरांचा उपद्रव आहे, तेव्हा करावं काय?

आधी दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. लोहाराकडे बंदूक देऊ नका आणि सुट्या भागांचा विचार सोडून द्या. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार बंदूक बनवणं, विकणं, तिच्यात बदल करणं, ती दुरुस्त करणं आणि चाचणी घेणं, या सगळ्याला स्वतंत्र परवाना लागतो. लोहाराचा हात कितीही चांगला असला तरी तो परवाना त्याच्याकडे नसतो. विनापरवाना बंदूक बनवण्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी आहे. नळी कापून आखूड करणं हा सहाव्या कलमाखाली वेगळा गुन्हा. "कूर्गमध्ये तर परवानाच लागत नाही" असं आपल्याकडे नेहमी ऐकू येतं. ती सवलत कोडव समाज आणि तिथल्या वंशपरंपरेनं चालणाऱ्या जम्मा जमिनीचे धारक यांच्यापुरती आहे, बेळगाव जिल्ह्याला तिचा काही उपयोग नाही.

आता कागद. बंदूक ठाण्यात जमा आहे हे योग्यच झालं. परवानाधारक वारला की घरातल्यांचा ताबा कायदेशीर राहत नाही, म्हणून ती जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते. जमा केलेली बंदूक ठराविक मुदतीत कोणी सोडवली नाही तर जिल्हाधिकारी ती सरकारजमा करू शकतात. त्यामुळे "बघू पुढच्या सुगीला" असं करू नका. 2016 च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे. मालक वारल्यावर तो मिळू शकतो, आणि मालक हयात असतानाही त्यानं सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, यातलं जे आधी होईल तेव्हा, त्यानं नेमलेल्या वारसाला मिळू शकतो. ज्यांचे वडील अजून हयात आहेत त्यांनी या दुसऱ्या वाटेनं जावं, पुढची बरीच धावपळ वाचते.

अर्जासोबत मृत्यूचा दाखला, वारस दाखला, मूळ परवाना, ठाण्याची जमा पावती, बाकी वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी लागते. शेतीसाठी मागत असाल तर जमिनीचा उतारा. वय एकवीस पूर्ण हवं. अडकायला होतं ते बहुतेक वेळा बहिणींच्या संमतीपाशी, म्हणून ती प्रतिज्ञापत्रं पहिल्याच आठवड्यात करून घ्या. दुसरी अडचण आकड्यांची. वडिलांच्या जुन्या परवान्यात हातानं लिहिलेला बंदुकीचा नंबर आणि नळीवर कोरलेला नंबर यांत एखाद्या आकड्याचा फरक निघतो. 3 चा 8 वाचला जातो, 1 चा 7. ठाण्यात जाऊन पंचांसमोर नंबर वाचून घ्या आणि फरक असेल तर अर्जातच नमूद करा. नंतर शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदणीतल्या तुमच्या ओळख क्रमांकाखाली तो चुकीचा चढला तर दुरुस्त करून घ्यायला फार वेळ जातो.

खानापूरकरांसाठी एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि तो डीसी ऑफिसच्या (जिल्हाधिकारी कार्यालयाच्या) खिडकीवर सहसा कोणी आपण होऊन सांगत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 34 व्या कलमाप्रमाणे अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकानं आपलं शस्त्र मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदवायचं असतं, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना त्यांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं. हेम्माडगा, जांबोटी, कणकुंबी या बाजूच्या गावांनी हे अंतर आधी तपासावं. गोकाक तालुक्यात घटप्रभा पक्षी अभयारण्य असल्यामुळे तिथेही हाच नियम. तुमचं गाव त्या कक्षेत येत असेल तर अर्ज वनखात्याकडे जाणारच, म्हणून नोंदणीची जुनी कागदपत्रं वडिलांच्या पेटीत शोधून ठेवा.

आणि सीमेचं. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं: जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. पीक संरक्षणाचा परवाना बहुधा मर्यादित क्षेत्राचा असतो. निपाणीहून कागल किती लांब, किंवा कणकुंबीहून चोर्ला घाट उतरला की गोवा, हे आपल्या रोजच्या जाण्यायेण्यात जाणवत नाही. पण कर्नाटकापुरता परवाना असताना बंदूक घेऊन कोगनोळी नाका ओलांडला तर ते विनापरवाना शस्त्र बाळगणंच ठरतं. दुरुस्तीसाठी कोल्हापूर-सांगलीकडे न्यायची असेल तर आधी डीसी ऑफिसची लेखी परवानगी घ्या. नाहीतर आपल्याच राज्यातला दुरुस्तीचा परवाना असलेला विक्रेता गाठा.

एक सोय मात्र वापरण्यासारखी आहे. अर्ज निकाली निघेपर्यंत बंदूक ठाण्याच्या मालखान्याऐवजी विक्रेत्याच्या गोदामात ठेवण्याची परवानगी मागता येते. भाडं पडतं, पण कोरड्या जागेत तेल लावलेली राहते, आणि दुरुस्तीचा परवाना असलेला विक्रेता असेल तर तपासणीही तिथेच होते. तुमच्या हातात परवाना नसताना तुम्ही ती हाताळत नाही, हे महत्त्वाचं.

तपासणी करून घेताना स्वतः हजर राहा आणि पुढच्या गोष्टी विचारून, पाहून घ्या. सुरुवात नेहमी एकच. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, वरची किल्ली सारून बंदूक उघडायची, दोन्ही घरं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागा, डोळ्यांनी बघायची आणि बोट घालून चाचपायची. मग पुढचा लाकडी हात काढून नळ्या वेगळ्या करायच्या. नळ्यांच्या बुडाच्या सपाट बाजूवर बंदुकीची सगळी कुंडली असते. नंबर नळीवर, पेटीवर (नळ्या आणि दस्ता यांच्यामधला लोखंडी भाग) आणि पुढच्या हाताच्या लोखंडावर एकच हवा. वेगळा निघाला तर कधीतरी नळ्या बदलल्या आहेत, आणि अशी बंदूक आधी संशयानंच बघावी.

तिथेच चाचणीचे शिक्के असतात. बेल्जियमच्या लिएजचा शिक्का म्हणजे लंबगोलात ई-एल-जी ही अक्षरं. इंग्लिश बंदुकीवर मुकुटाखाली एन-पी असेल तर ती धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. हा शिक्का नसेल आणि नळीवर तपकिरी पिळांची नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस नळी, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली, काळ्या दारूच्या काळातली. पिळांच्या सांध्यात आतून गंज चढतो आणि तो बाहेरून दिसत नाही. अशा बंदुकीत आजचं काडतूस घालायचं नाही. ती निकामी करून घेऊन आठवण म्हणून ठेवा, पण तेही परवाना अधिकाऱ्याच्या परवानगीनंच.

शिक्क्यांजवळ घराची लांबी लिहिलेली असते: अडीच इंच म्हणजे 65 मिलिमीटर, किंवा पावणेतीन इंच म्हणजे 70. इथे अनेकांची फसगत होते. काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची. न उडालेलं 70 चं काडतूस मिटलेलं असल्यामुळे 65 च्या घरात सहज बसतं, बंदूक बंदही होते. बार उडताना मात्र मिटलेलं तोंड उलगडायला जागा नसते. ते पुढच्या निमुळत्या भागात शिरतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. पहिल्या बाराला काही होत नाही, म्हणून लोक वापरत राहतात. धक्का जास्त बसायला लागतो, नळ्या आणि पेटी यांचा सांधा सैल होतो. तुमच्या बंदुकीचा सांधा सैल आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून ही लांबी सर्वांत आधी बघा. जुनी इंग्लिश बंदूक असेल तर कारण इथेच सापडण्याची शक्यता मोठी. भारतीय आयुध कारखान्याच्या दुनळीचं घर 70 चं असतं.

मग नळी. उजेडाकडे धरून दोन्ही टोकांकडून बघायची. आतली चकाकी अखंड गोल कड्यांत दिसायला हवी. एखाद्या जागी सावलीचं कडं मोडलं असेल तर तिथे पोचा आहे, आणि पूर्ण गोल गडद कडं दिसलं तर नळी तिथे फुगलेली आहे. पोचा कारागीर आतून साचा घालून उठवू शकतो. फुगलेल्या नळीला इलाज नाही. ती कधीतरी तोंडात माती किंवा चिंधी असताना उडवलेली असते आणि धातू ताणला गेलेला असतो. गंजाचे खड्डे तोंडाकडे असतील तर चालून जातात. घराच्या पुढच्या नऊ-दहा इंचांत असतील तर नाही, कारण दाबाचा जोर तिथेच असतो. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास मुळात 0.729 इंच, साधारण साडेअठरा मिलिमीटर. पूर्वी कोणी खड्डे काढायला नळी आतून घासली असेल तर हा आकडा वाढलेला सापडतो आणि भिंत तितकी पातळ झालेली असते. सर्वांत पातळ जागी 20 थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही जाणकार मंडळी शेवटची हद्द मानतात, आणि तीही पुढच्या भागात. घराजवळ भिंत याच्या कितीतरी पट जाड हवी. भिंतीची जाडी मोजायचं साधन नसलेल्या कारागिराचं "चांगली आहे" हे मत मानू नका.

दोन नळ्यांमधली पट्टी कथिलानं जोडलेली असते. नळ्या बुडाखालच्या आकड्याला (पेटीत अडकणारा हुक) दोरी बांधून लटकवा आणि बोटाच्या पेरानं हलकं ठोका. स्वच्छ, घंटेसारखा नाद आला तर जोड शाबूत. बद्द आवाज आला तर पट्टी कुठेतरी सुटलेली आहे आणि आत ओल शिरते आहे.

सैल सांधा पाहायला पुढचा हात काढून बंदूक बंद करायची, दस्ता काखेत धरून नळ्या डावी-उजवीकडे हलवायच्या. मागून दिवा धरला तर नळीचं बूड आणि पेटीची भिंत यांच्यामधून उजेड दिसतो का तेही बघायचं. दुसरी खूण वरच्या किल्लीची. नव्या बंदुकीत बंद झाल्यावर ती मध्यापासून किंचित उजवीकडे थांबते. मध्यावर आली म्हणजे झीज झाली, मध्य ओलांडून डावीकडे गेली तर काम निघालंच. यावरची योग्य दुरुस्ती म्हणजे बिजागरीची जाड पिन नव्यानं बसवणं, किंवा नळीच्या आकड्यावर वेल्डिंगनं धातू चढवून तो घासून घासून मापाला आणणं. हे बारीक, संथ काम आहे. काजळी लावून बंद करायचं, जिथे डाग उठतो तेवढंच कानशीनं घ्यायचं, पुन्हा बंद करायचं. याऐवजी आकड्यावर छिन्नी मारून धातू फुगवण्याची किंवा पत्र्याचा तुकडा डाखण्याची चलाखी आपल्याकडे चालते. विक्रीच्या दिवशी बंदूक घट्ट वाटते, थोड्याच बारांत पुन्हा हलते, आणि आता आकड्याला घावही असतात.

उजव्या नळीचा दोष. न उडालेलं काडतूस किंवा जुन्या रिकाम्या टोप्या (टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडातला, पिन आपटल्यावर पेट घेणारा भाग) कारागिराला दाखवा. निदान टोपीवरच्या खुणेतून होतं. खूण मध्यभागी पण उथळ असेल तर कमान (स्प्रिंग) अशक्त झाली आहे, किंवा आत जुनं तेल डिंकासारखं घट्ट होऊन पिनेला अडवतंय. दुसरं कारण जास्त आढळतं आणि ते नुसत्या सफाईनं जातं. खूण एका बाजूला सरकलेली असेल तर पिन वाकडी किंवा सांधा सैल. पिनेचं टोक तुटून खरबरीत झालं असेल तर खूण वेडीवाकडी येते, कधी टोपीच फुटते आणि गरम वायू मागे येतो. खूण खोल, मध्यभागी, तरीही बार नाही, तर दोष काडतुसाचा. दोन-तीनदा चाप ओढल्यावर उडतं हे तुमचं वर्णन उथळ खुणेशी जुळतं. माझा अंदाज: सफाई आणि नवी पिन. पिन मऊ सळईची करून चालत नाही. योग्य पोलाद, कठीण करून नंतर मवाळ केलेलं, टोक गोल घोटलेलं, आणि किती बाहेर यावी याचं माप असतं. लांब राहिली तर टोपी भोसकते आणि उघडताना अडकते. लोहाराची पिन इथेच घात करते.

कारागिराच्या हाती जाण्यापूर्वी आणि नंतरही एक शिस्त पाळा. चाप ओढला आणि बार झाला नाही तर बंदूक लगेच उघडायची नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं. ओलसर काडतूस उशिरा पेट घेतं. त्यावेळी बंदूक उघडी असेल तर पितळ तोंडावर येतं.

चापाचं वजन काट्यानं मोजून घ्या. पुढचा चाप साधारण पावणेदोन किलोवर सुटावा, मागचा थोडा जड. सव्वा किलोच्या खाली असेल तर ती बंदूक ठेच लागल्यावरही उडू शकते. नकली काडतुसं घालून सुरक्षेचा खटका बंद करायचा, दोन्ही चाप ओढायचे, मग खटका उघडायचा. खटका उघडताच आतून टक आवाज आला तर मोठा दोष आहे. आणि खटक्यावर विसंबू नका. बहुतेक दुनळींत तो फक्त चाप अडवतो, आतला घोडा (पिनेला ठोकणारा भाग) ताणलेलाच असतो.

दस्त्याला पेटीच्या मागे भेग असेल तर ती तेलानं आली असण्याचा संभव मोठा. बंदूक तेल पाजून उभी ठेवली की तेल उतरत उतरत लाकडात मुरतं, लाकूड पोकळ होतं आणि धक्क्यानं फाटतं. म्हणून तेल लावल्यावर पहिले दोन दिवस नळीचं तोंड खाली करून ठेवावी. भेग लहान असताना तेल शोषून घेऊन, इपॉक्सी भरून, आडवी पिन घालून पक्की होते. स्क्रू सैल ठेवून वापरत राहिलात तर नवा दस्ताच करावा लागतो.

एक गोष्ट कारागिराला स्पष्ट बजावा: नळ्यांना निकेल चढवायचं नाही आणि गरम क्षारातलं काळं पॉलिश करायचं नाही. गंज लपवायला गाड्यांच्या प्लेटिंगवाल्याकडून हे करून घेतलेल्या दुनळ्या आपल्या भागात पुष्कळ दिसतात. गरम क्षार कथिल खातो, पट्टीच्या आत शिरून राहतो, आणि वर्षभरात पट्टी उचलते. एकनळीला ते चालतं, दुनळीला नाही. दुनळीला हळूहळू गंज चढवून, उकळून, घासून केलेलं काळंच योग्य. ते महाग पडतं आणि नसलं तरी बंदुकीचं काही अडत नाही. रोजच्या वापरातल्या बंदुकीवर मी तो खर्च करू देणार नाही. तोच पैसा सांध्यावर घाला.

घरी तुम्ही काय करायचं? तीन भाग सुटे करायचे, नळ्या, पुढचा हात, दस्त्यासह पेटी, आणि तिथे थांबायचं. आतले स्क्रू उघडायचे नाहीत. त्यांच्या खाचा अरुंद असतात, साधा पेचकस त्या फाडून टाकतो, आणि आतली कमान दाबायला चिमटा लागतो. नळ्या काढल्यावर चाप ओढायचा नाही. घोड्याविना दिसणाऱ्या दुनळीत घोडे आत असतात आणि नळी उघडताना ताणले जातात. सुटे असताना चाप ओढला तर घोडे ताणणाऱ्या पुढच्या दोन दांड्या जागेवरून सरकतात आणि नळ्या परत बसतच नाहीत. लोक मग हातोडी घेतात. त्या दांड्या लाकडाच्या कडेवर एकेक करून दाबल्या की घोडे पुन्हा ताणले जातात आणि नळ्या अलगद बसतात.

बार झाल्यावर त्याच दिवशी सफाई. नळी घराकडून साफ करायची, तोंडाकडून नाही. बारा बोअरचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश द्रावणात बुडवून दहा-बारा वेळा आरपार, मग दहा मिनिटं थांबून सुती चिंध्या, पांढरी निघेपर्यंत. घराच्या पुढे आणि तोंडाजवळ शिशाच्या करड्या रेघा राहतात, तिथे ब्रश जास्त. शेवटी एका चिंधीवर शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब, बस्स. सांध्याच्या पिनेला टाचणीच्या डोक्याएवढं ग्रीस. खोबरेल वापरू नका, थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल तर मुळीच नको, त्यातलं आम्ल पोलाद खातं. बाहेरचे गंजाचे ठिपके बारीक पोलादी लोकर तेलात भिजवून हलक्या हातानं घासा. पॉलिश पेपर लावलात की काळा रंगही गेला आणि धातूही. लाकडाला जवसाचं तेल, तळहातानं, अगदी पातळ, दोन लेपांमध्ये एक दिवस.

जून ते सप्टेंबर हा खरा शत्रू. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात भिंतीला टेकवलेली बंदूक आठवड्यात लाल होते. कातडी किंवा कापडी गवसणीत ठेवू नका, ती ओल धरते. लोखंडी कपाट, कुलूप, सिलिका जेलची पाकिटं आणि दर आठ-दहा दिवसांनी कोरड्या फडक्यानंतर तेलाचं फडकं. नळीची तोंडं उघडी राहिली तर कुंभारमाशी आत मातीचं घर करते. ते बाहेरून दिसत नाही आणि एका बारात नळी फाडायला पुरतं. म्हणून वापरण्याआधी प्रत्येक वेळी नळी आरपार बघायची आणि कोरडी चिंधी फिरवून आतलं तेल पुसायचं.

चुलत्यांकडे वगैरे ठासणीची बंदूक असेल तर तिचे नियम निराळे. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते, त्यामुळे त्याच संध्याकाळी उकळत्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून तेल. काडतूस फोडून त्यातली धूरविरहित दारू ठासणीत भरण्याचा प्रकार होतो आणि त्यात हात जातात. ती दारू दिसायला सारखी, दाब कितीतरी पट.

काडतुसं खडकीच्या कारखान्याची शक्तिमान सर्वत्र मिळतात. खोक्यावरची लांबी आणि तारीख बघून घ्या. कागदी नळीची जुनी काडतुसं पावसाळ्यात फुगतात, घरात ढकलावी लागत असतील तर ती वापरायची नाहीत. विक्रेत्याला परत द्या. घरात वीस बोअरची काडतुसं बारासोबत कधीही ठेवू नका. वीसचं काडतूस बाराच्या घरातून पुढे सरकून अडकतं, घर रिकामं दिसतं, मागून बाराचं घातलं की नळी फुटते. एकदम किती जवळ ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची हे दोन्ही आकडे परवान्यावर असतात. खरेदी आणि खर्च वहीत लिहा.

तपासणीत नळी फुगलेली किंवा घराजवळ खड्डे पडलेली निघाली तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. परवान्यावर शस्त्र बदलून घेण्याचा अर्ज करा आणि एकनळी घ्या. राखणीला ती पुरते, भाग कमी, बिघाड कमी, वजन हलकं. जुनी घेत असाल तर वर सांगितलेली सगळी तपासणी सौद्याआधी. एखाद्या परवानाधारकाकडून थेट घेताना विकणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला तुमच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं आणि त्यानंतर 45 दिवस जाऊ द्यायचे, तोवर बंदूक हलवायची नाही. 2019 पासून एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षं आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या दोन-तीन महिने आधी द्या.

डुकरांबद्दल. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर 2022 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी मारायचं तरी वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी हवी. गवा आणि हत्ती पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्या दिशेनं बंदूक धरायचीच नाही. आवाजासाठी बार काढतानाही छर्रे कुठे जाणार ते बघा. एसजीचे मोठे छर्रे पाचशे मीटरच्या पलीकडे जाऊन पडू शकतात, आणि रात्री माळ्यावर राखण करणारा शेजारी याच अंतरात असतो. निष्काळजीपणे किंवा लग्न-मिरवणुकीत बार काढण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाटेवर तार लावून बंदूक बांधून ठेवण्याचा प्रकार तर माणसंच मारतो. 0.177 इंच नळीची, 20 जूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय मिळते. विक्रेता ओळखपत्राची नोंद ठेवतो. डुकरावर मात्र ती चालवू नका. जनावर जखमी होतं, मरत नाही, आणि वन्यजीव कायदा तिलाही लागू आहे.

परवाना झाला की निवडणुकीचा विचार आधीच करून ठेवा. विधानसभा, लोकसभा, पंचायत, कोणतीही आली की बहुधा जमा करण्याचा आदेश निघतो आणि बंदूक महिना-दोन महिने ठाण्यात राहते, तीही बऱ्याचदा उन्हाळ्याच्या शेवटी वळवाच्या सुमारास. देण्याच्या आदल्या दिवशी नळीला आतून-बाहेरून नेहमीपेक्षा जाड तेलाचा हात द्या. नळ्या काढून, सुती कापडात वेगवेगळ्या गुंडाळून, चिठ्ठीवर नंबर लिहून द्या. पावतीवर बंदुकीचा नंबर, सोबत दिलेल्या काडतुसांची संख्या आणि "चालू स्थितीत, गंज नाही" असा शेरा लिहून घ्या. परत घेताना ठाण्यातच नळ्या उजेडाकडे धरून बघा आणि मगच सही करा.